जूनमधलं खाकी संकट

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी जेवणं उरकली की आमच्याकडे सतरंजी अंथरली जाते आणि वह्यांना कव्हरं घालायचा कार्यक्रम सुरू होतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणजे तिकडच्या पालकांची शिक्षा तेवढी पुढे ढकललेली.

खाकी कागदाचा रोल मुळातच हट्टी. 1879 साली कार्ल डाल नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने लाकडाच्या लगद्यापासून असा चिवट कागद करायची रीत काढली. त्यांच्या घरी दुसरीतलं पोर नसावं. एका टोकावर तांब्या, दुसऱ्यावर पक्कड ठेवून कागद सपाट करावा, तर जरा हात सैल सोडताच तांब्यासकट गुंडाळी.

खरी कसोटी वहीच्या कण्यापाशी. तिथे वर-खाली दोन-दोन काप देऊन मधली जीभ आत दुमडायची. शिवाय वही मिटलेली हवी. उघड्या वहीवर घातलेलं कव्हर ती मिटताना असं ताणतं की पुठ्ठा कमानीसारखा वाकतो. सैल घातलं, तर पहिल्याच तासाला त्याचं विमान होतं.

आमच्या लहानपणी कालनिर्णयची जुनी पानं चालायची. इतिहासाच्या वहीवर संकष्टी आणि आत दुमडलेल्या बाजूला एखादी पाककृती. तह फार लांबला की मी कव्हर उचकटून तीच वाचत बसे.

2023-24 मध्ये सरकारने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच लिहायला कोरी पानं घातली. वेगळी वही नको, दप्तर हलकं! मी पेढे वाटायच्या बेतात होतो. आमच्या शाळेने पुस्तकंही घ्यायला लावली आणि वह्याही. पुढे सरकारने ती पानंच काढून टाकली.

राहता राहिली चिकटपट्टी. रिचर्ड ड्रू यांनी अमेरिकेत 1930 साली पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली. तिचं टोक शोधायचं काम मात्र आपल्यावर सोडलं. मी नखाने रोल खरवडत असतो, तेवढ्यात बायको म्हणते, "दे इकडे," आणि एका झटक्यात टोक काढते. यामागचं शास्त्र ती सांगत नाही.

रात्री अकराला शेवटची वही झाली. लेबलंही लागली. कंबर धरून उठतोय, तोच शाळेच्या ग्रुपवर निरोप: "पालकांनी नोंद घ्यावी, यंदा गृहपाठाच्या वह्यांना निळं कव्हर."

त्याखाली बेचाळीस पालकांचे अंगठे.