पावर वाढली नाही हे आम्हीच तुम्हाला सांगितलं होतं

दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि लिहिलंय की पेट्रोलमध्ये इंजिन क्लीनरची बाटली टाकली, दोन वेळा डायनोचे (म्हणजे गाडीची पावर मोजायच्या मशीनचे) पैसे घेतले, फरक शून्य आणि वरून सांगतात "हा तर मोजण्यातलाच फरक", म्हणजे सरळ लुटमार. राग समजतो, पैसे तुमचे गेलेत. पण इथे लोक वाचतायत म्हणून पूर्ण हिशोब मांडतो.

तुमची गाडी १.२ लिटर पेट्रोल, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. बाटली टाकायच्या आधी आपण तीन रन घेतले, म्हणजे मशीनवर तीनदा मोजलं, चाकांवर ६१.२, ६०.४ आणि ६१.८ हॉर्सपॉवर आले. मग ५०० किलोमीटर तुम्ही देवास बायपासला चालवून आणली आणि परत तीन रन, ६१.९, ६१.०, ६२.३. सरासरी काढली तर साधारण ०.६ हॉर्सपॉवर जास्त, पण पहिल्याच दिवशी, काहीही न टाकता, एका रनपासून दुसऱ्या रनपर्यंत १.४ चा फरक पडला होता ना, मग हे ०.६ मी बाटलीच्या नावावर कसं लिहू? डायनोवर एक-दोन टक्के इकडेतिकडे होतातच, गाडी बांधायचा बेल्ट किती कसलाय, टायरमध्ये हवा किती, ऑइल किती गरम आहे, सगळ्याचा असर होतो. म्हणून तर दोन्ही वेळेला चौथाच गियर, टायरची हवा मोजून, ऑइल ९० डिग्रीला आल्यावरच रन, आणि पेट्रोलसुद्धा एकाच पंपाचं भरायला लावलं होतं, तेव्हा तुम्ही वैतागला होतात ते आठवतंय मला.

आता खरं सांगतो, तुम्हाला खूश करणं फार सोपं होतं. पहिला रन मे महिन्यात दुपारी तीनला ४१ डिग्रीत घ्यायचा, दुसरा सकाळी आठला २७ डिग्रीत, करेक्शन, म्हणजे हवेच्या तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करणं, बंद ठेवायचं, थंड हवा दाट असते तर नुसत्या त्यानेच दीडेक हॉर्सपॉवर वाढलेली दिसते. हातात रंगीत ग्राफ दिला असता आणि तुम्ही पाच स्टार देऊन गेला असता. तसं करणारे आहेत, आम्ही नाही करत, आणि इथून पुढेही नाही करणार.

बाटली फालतू आहे असंही नाही बरं का. त्यात पॉलिइथरअमीन नावाचं साफ करणारं केमिकल असतं, ते इंजेक्टरवरचा आणि व्हॉल्व्हच्या मागचा कचरा खरंच काढतं, तुमच्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जातं म्हणून तिथवर पोचतं तरी. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला लागतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह साफ करायला म्हणून त्या गाडीवाल्यांना मी ही बाटली विकतच नाही. सकाळचं मिसिंग गेलं, आयडलिंग सरळ झालं हे तुम्ही स्वतः बोललात. कचऱ्यामुळे गेलेली पावर असेल तर ती परत येते, पण तुमची पावर कचऱ्यामुळे गेलेलीच नव्हती.

आणि इथे चूक आमची आहे. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते बघणं, आधी करायला हवी होती, आम्ही ती दुसऱ्या डायनोनंतर केली. तीन सिलेंडर १७२, १६८, १७० पीएसआय, आणि चौथा १२८. त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं तर १५५ वर गेला, ऑइलने रिंगांची फट भरली की दाब वाढतो, म्हणजे व्हॉल्व्ह नाही, पिस्टनच्या रिंगा घासल्यात. घासलेलं लोखंड कुठल्याच बाटलीने भरून येत नाही. ही टेस्ट पहिल्या दिवशी केली असती तर मी तुम्हाला बाटली घेऊच दिली नसती, डायनोचा खर्चही वाचला असता. नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक पीथमपूरला आपल्या शेजारी आहे, गाड्या मोजायचं काम किती काटेकोर असतं हे इंदूरच्या गॅरेजवाल्याला तरी माहीत असायला हवं, त्यामुळे ही चूक मला जास्त लागली. या आठवड्यापासून कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय काउंटरवरून बाटली द्यायची नाही असं पोरांना सांगितलंय.

बाटलीचे आणि दुसऱ्या डायनोचे पैसे परत घेऊन जा, रविवार सोडून कधीही या. पहिल्या डायनोचे नाही देणार, ते काम नीट झालंय आणि सहाही रनचे प्रिंट तुमच्या फाइलला लावून ठेवलेत, दुसऱ्या कुणाला दाखवायचे असतील तर खुशाल दाखवा. रिंगांचं काम आमच्याकडेच करा असं काही नाही, पण जिथे कराल तिथे इंजिनचं हेड उघडल्यावर बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, मोजून घ्या, नुसत्या रिंगा बदलून घेऊ नका.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. फक्त "फरक शून्य" च्या पुढे "हे त्यांनीच सांगितलं" एवढं लिहिलंत तर बरं वाटेल.