ओढते म्हणजे पेलते असं नाही

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की अमेरिकेतल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांतून आला. सांगणं थोडक्यात असं: ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायला घाबरू नका. आपल्या पिकअपची ओढण्याची क्षमता बघा, ट्रेलरचं रिकामं वजन त्याहून कमी असलं की झालं. ट्रेलरचं नाक, म्हणजे गाडीला जोडायचं पुढचं टोक, जड वाटलं तर सामान मागे सरकवा, नाहीतर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे नाकाचा भार वाटून देणारी जोडणी, लावा. गाडी घाट चढली की उतरतेच. टायरची नक्षी दिसतेय तोवर टायर चांगला, आणि नव्या ट्रेलरला पहिली पाच वर्षं काही करावं लागत नाही. शेवटी लिथियम बॅटरी आणि छतावर दोन सोलर पॅनेल लावा, एसीसुद्धा फुकट चालेल.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, हे मला मान्य आहे. बहुतेक राज्यांत घरच्या ट्रेलरसाठी वेगळं लायसन्स लागत नाही, हेही त्यांनी बरोबर सांगितलं आहे. पण म्हणूनच काळजी वाटते. कुणी परीक्षा घेत नाही, कुणी वजन तपासत नाही, आणि माणूस थेट डीलरकडून हायवेला लागतो. मीही डेन्व्हरहून तसाच निघालो होतो. सोबत बायको, दोन मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा होते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा ओढण्याच्या क्षमतेचा. जाहिरातीत ११,००० पाउंड असं लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नसतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे-२८०७ नावाचं मानक आहे. त्यातल्या चाचणीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा अकरा-बारा मैलांचा चढ, ऐन उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स, थंड ठेवण्याची यंत्रणा, सगळ्यांचा कस लागतो. पण त्या वेळी गाडीत किती माणसं धरलेली असतात? दोन, प्रत्येकी १५० पाउंडांची. आणि ट्रेलरचं नाक त्याच्या वजनाच्या १० टक्के दाबतं असं धरलेलं असतं. शिवाय जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत तगड्या आवृत्तीचा असतो. तुमच्या दारातली गाडी तीच असेल असं नाही.

तुमच्या गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या लेबलवर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको. हा पेलोड. माझ्या गाडीच्या लेबलवर १,५०० होतं. आता हिशोब बघा. ट्रेलरचं रिकामं वजन ६,२०० पाउंड. आमचं सामान, पाणी, गॅस धरून ते ७,३०० झालं. त्याच्या साधारण १३ टक्के भार नाकातून गाडीच्या हिचवर येतो, म्हणजे ९५० पाउंड. हिचचं स्वतःचं लोखंड ९०. आम्ही सहा जण मिळून ६८०. बेरीज १,७२०. मागच्या हौद्यात अजून एक कूलरही ठेवलेला नाही, आणि लेबलची मर्यादा २२० पाउंडांनी ओलांडली आहे. सायकली, कूलर, जनरेटर धरले की आणखी २००. आणि याच वेळी ओढण्याच्या क्षमतेत ३,७०० पाउंड शिल्लक दिसत होते! त्या मजकुराच्या हिशोबाने मी अगदी निर्धास्त असायला हवा होतो.

रिकाम्या वजनावर विसंबणंही असंच फसवं आहे. रिकामा ट्रेलर कुणी ओढून नेत नाही. एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंडांच्या वर गेलात. गॅसचं २० पाउंडी सिलिंडर भरल्यावर लोखंडासकट ३७ पाउंडांच्या आसपास भरतं, आणि अशी दोन सिलिंडरं नेमकी नाकावरच बसवलेली असतात. बॅटरीही तिथेच. त्यात आपलं स्वयंपाकघर: कुकर, कढई, तांदळाची वीस पाउंडी पिशवी, आईने बरोबर घेतलेली डाळींची डबे-बरण्यांची फौज. म्हणून खरेदीच्या वेळी ट्रेलरवरचं कमाल अनुज्ञेय वजन बघावं आणि नाकाचा भार त्यावरून काढावा. रिकाम्या वजनाचा उपयोग ट्रेलरमध्ये सामान किती घालता येईल हे काढण्यापुरता.

आता मजकुरातला सर्वांत घातक सल्ला: सामान मागे सरकवा.

गावाकडे बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ओझं फार पुढे घेतलं तर सगळा भार मानेवर येतो. म्हणून गाडीवान भार आखाच्या किंचित पुढे ठेवतो. ट्रेलरचं शास्त्र वेगळं नाही. फरक इतकाच की ट्रेलरचं नाक हिचच्या गोळ्यावर कुलूपबंद असतं, त्यामुळे तो उलाळत नाही. तो शेपटी हलवायला लागतो. नाकावरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के का हवा, याचं उत्तर हेच आहे. भार कमी झाला की ट्रेलर कमी वेगातच डोलायला लागतो, आणि एका ठरावीक वेगाच्या पुढे ते डोलणं आपोआप विरत नाही, प्रत्येक हेलकाव्याला वाढत जातं.

मी हा सल्ला पाळला होता. पेलोडचं लेबल वाचलं नव्हतं, पण गाडीचा मागचा भाग बसलेला डोळ्यांना दिसत होता. म्हणून कूलर ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेला आणि सायकली मागच्या बंपरवर बांधल्या. गाडी छान सरळ दिसायला लागली. यलोस्टोनला जाताना वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधल्या वाऱ्याच्या पट्ट्यात, एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते, मग आत ओढते. दोन हेलकाव्यांत आरशामध्ये ट्रेलरची एक बाजू, मग दुसरी बाजू दिसली. बाबा मागे बसले होते, त्यांनी काही न बोलता पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. तो आवाज न केलेला क्षण मी अजून विसरलेलो नाही. सुदैवाने थोडा उतार संपून चढ लागला, वेग आपोआप उतरला आणि ट्रेलर सरळ झाला.

अशा वेळी काय करायचं, ते त्या मजकुरात एका ओळीनेही नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडीचा ब्रेक दाबू नका, कारण गाडी मंदावते आणि ट्रेलर मागून ढकलतो. स्टिअरिंगने प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देऊ नका, सरळ धरून ठेवा. डॅशबोर्डजवळच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने सरकवा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. ती कळ न बघता हाताला सापडली पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये दहा वेळा सराव करा, आणि तुमच्याबरोबर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून करून घ्या.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबद्दल मजकूर अर्धा खरा आहे. ते हिच लावावंच. नाकाच्या भाराने गाडीची मागची चाकं दबतात आणि पुढची उचलली जातात, स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. त्या हिचच्या पोलादी दांड्या काही भार पुढच्या चाकांवर परत आणतात आणि थोडासा ट्रेलरच्या चाकांवर टाकतात. पण दाराच्या लेबलवरचा आकडा त्याने वाढत नाही. हिचच्या नळीवरही एक छोटं लेबल असतं, त्यावर हे हिच वापरून किती आणि न वापरता किती, असे दोन आकडे असतात. तेही वाचा. आणि समोरून बघा: आठ फूट रुंद, साधारण नऊ फूट उंच अशी एक भिंत आपण हवेतून नेत असतो. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. सपाट, बुटका बोटीचा ट्रेलर आणि तेवढ्याच वजनाचा घरवजा ट्रेलर यांत फरक तिथे पडतो.

"चढली की उतरतेच." आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांपर्यंतचा उतार आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे चढते रस्ते तिथे बांधून ठेवले आहेत. ते उगाच बांधलेले नाहीत. चढताना फार तर गाडी मंदावेल. उतरताना सबंध वजन आपल्याला खाली ढकलतं, आणि ते थोपवण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ताशी ६५ मैलांऐवजी ७५ ने गेलात तर एक तृतीयांश जास्त. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा, खालचा गिअर टाकायचा, इंजिनाला धरू द्यायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून निकामी होतात. निघण्यापूर्वी ब्रेकअवे स्विचही तपासा. ट्रेलर सुटला तर त्याची दोरी खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात, पण ट्रेलरची बॅटरी मेलेली असेल तर काहीच होत नाही.

टायरच्या बाबतीत नक्षी हे प्रमाणच नव्हे. ट्रेलर वर्षातले दहा महिने उन्हात उभा असतो, त्याची नक्षी झिजायला वेळच मिळत नाही. रबर आतून म्हातारं होतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षं उलटली की मी त्याकडे संशयाने बघतो, सातव्या वर्षापलीकडे वापरत नाही. हवा थंड टायरमध्ये, ट्रेलरच्या लेबलवर दिलेली भरायची. बऱ्याच ट्रेलर टायरना ताशी ६५ मैलांचीच मर्यादा असते, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. टायर फुटला की फाटलेला पट्टा ट्रेलरचा तळ, वायरी आणि गॅसची नळी फोडत जातो. एका टायरच्या किमतीत हे भागत नाही.

"पाच वर्षं काही करावं लागत नाही" याला तर मी ठाम विरोध करतो. चाकाचे नट नव्या ट्रेलरवर किंवा चाक काढून बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० मैलांत टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळावे लागतात. चाकाच्या बेअरिंगना नवं वंगण दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी द्या, असं आख बनवणारी डेक्स्टर कंपनीच सांगते. आणि छप्पर. बहुतेक ट्रेलरच्या छतावर रबरी पत्रा असतो. त्यात खिडक्या, पंखे, पाइप यांच्यासाठी भोकं पाडलेली असतात, आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट असतं. ते ऊन आणि थंडीने तडकतं. दर तीन महिन्यांनी शिडी लावून बघा. तडा दिसला तर छताच्या पत्र्याला चालणारंच सीलंट भरा, घरच्या नळाजवळचं सिलिकॉन नको. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही चिकटत नाही. आमचा पहिला ट्रेलर जुना होता. घेताना पुढच्या खिडकीखालचा कोपरा बोटाने दाबून पाहिला असता तर मऊ लागला असता. मी पडदे आणि गाद्या बघत बसलो. आतली प्लायवूड काळी पडून भुसा झाली होती, ती भिंत उघडायला दोन महिन्यांचे शनिवार-रविवार गेले.

लिथियम बॅटरीबद्दल मात्र मी स्वतः उत्साही आहे. ती शिसाच्या बॅटरीच्या साधारण निम्म्या वजनाची, आणि जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते. पण जुन्या ट्रेलरमधला चार्जर शिसाच्या बॅटरीसाठी असतो. तो १३.६ व्होल्टच्या आसपास थांबतो, लिथियमला पूर्ण भरायला १४.२ ते १४.६ लागतात. म्हणजे चार्जरही बदला. पाणी गोठेल अशा थंडीत लिथियम बॅटरी वापरता येते, पण भरायची नाही, तिच्या आत कायमची इजा होते. गाडीकडून सात पिनांच्या जोडणीतून येणारी वायर बारीक असते, तिच्यातून पुरेसा प्रवाह येत नाही; त्यासाठी वेगळी जाड वायर, मध्ये गाडीच्या विजेवर बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. राहिला एसी. छतावरचा नेहमीचा एसी १,३०० ते १,५०० वॉट घेतो. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात. मिळून दोनशे वॉटची ती दोन पॅनेल उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी साधारण हजार वॉट-तास देतील. म्हणजे दिवसभराच्या उन्हात पाऊण तास थंडावा. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप यांना मात्र एवढं भरपूर पुरतं, आणि तेवढ्यासाठी हा खर्च मला योग्य वाटतो.

वायोमिंगहून परतल्यावर मी सगळं सामान नीट आखाभोवती लावलं आणि ट्रेलर पहिल्यांदा काट्यावर नेला. वर दिलेले भरलेल्या ट्रेलरचे आणि नाकाचे आकडे त्या काट्याच्या चिठ्ठीवरचे. पुढच्या हंगामाआधी आम्ही तो विकून लहान ट्रेलर घेतला. आईबाबा आता त्यांच्यासाठी भाड्याने घेतलेल्या केबिनमध्ये राहतात, आणि आमच्या मागून बहिणीच्या गाडीतून येतात.

ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला आहे त्यांनी एवढं करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक थांब्यावर वजनकाटा असतो, खर्च थोड्या डॉलरचा. नेहमीच्या प्रवासासारखं पाणी, सामान भरा, घरच्या सगळ्यांना गाडीत बसवा. काट्यावर तीन पट्ट्या असतात: पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. एकदा हिचच्या दांड्या लावून वजन घ्या, एकदा दांड्या काढून, आणि एकदा ट्रेलर बाजूला उभा करून फक्त गाडीचं. दांड्या काढलेल्या वेळच्या पहिल्या दोन पट्ट्यांच्या बेरजेतून फक्त गाडीचं वजन वजा केलं की नाकाचा खरा भार मिळतो. पहाटे लवकर जा. त्या वेळी मागे ट्रकांची रांग नसते आणि दांड्या काढायला घाई होत नाही.