वीसच्या खाली नको

जुनी गाडी घेताना लोक टायर बघतात, पत्रा ठोकून बघतात, कागदपत्रं तपासतात. मी मालकांचा उजवा पाय बघायला हवा होता. ट्रायलला ते स्वतः चालवत होते. वारज्याहून कात्रजपर्यंत बायपासने गाडी 80 च्या वेगात अशी गेली की पोटातलं पाणी हललं नाही. परतताना सिग्नलला थांबलो, तर गृहस्थ सारखे रेस देत बसलेले. घर्रर्र, घर्रर्र. मला वाटलं, साठीचा माणूस आहे, तरुणपणी बुलेट चालवली असेल.

गाडी 2011 ची. "डॉक्टरांची आहे, एकहाती," असं एजंट म्हणाला होता. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते, नाहीतर रिटायर्ड बँक मॅनेजरची. लग्नसराईत भाड्याने फिरलेल्या गाड्या कुठे जातात, देव जाणे.

खरा प्रकार तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर कळला. तिथे गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे गाडी ताशी 25 ने आरामात पार होते. आमच्या सोसायटीने रुंदीत काटकसर केली आणि वाचलेलं डांबर उंचीला लावलं. त्याच्या पायथ्याशी मी ब्रेक दाबला, क्लच दाबला, आणि इंजिन एक उचकी देऊन गप्प झालं. वॉचमनमामा केबिनमधून आले, काठी काखेत घेतली आणि डिकीला हात लावून म्हणाले, "घ्या साहेब, गियरमध्ये घ्या." पुढचे चार महिने हा नेम चुकला नाही.

चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की काय होतं, हे ज्याचं पडलंय त्यालाच कळतं. स्टिअरिंग एकदम जात्यासारखं जड होतं. ब्रेकचंही तसंच. पायाला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. एक-दोनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगड होतं. हे ज्ञान मला अप्पा बळवंत चौकात, भर जूनमध्ये, शाळेची पुस्तकं घ्यायला आलेल्या पाच-सहाशे पालकांच्या साक्षीने मिळालं. गाडी आडवी. एक आजोबा काचेवर टकटक करून म्हणाले, "गाडी इथे लावायची नसते." मी म्हटलं, "लावली नाहीये, बंद पडलीये." "मग दुरुस्त करून आणायची ना!"

यानंतर मी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक आणि टाचेने ॲक्सिलरेटर दाबायला शिकलो. रेसिंगवाले हे कौशल्य म्हणून शिकतात. मी दूध आणायला जाताना वापरत होतो. रस्ते निवडायचो ते उतार बघून. सिग्नल लांबून लाल दिसला की वेग असा मोजून कमी करायचा की पोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. ही शेजारी बसून एकच वाक्य म्हणायची, "वीसच्या खाली नको रे, वीसच्या खाली नको." आणि आता सिग्नलला मीही रेस देत होतो. घर्रर्र, घर्रर्र. शेजारच्या गाडीतला मुलगा माझ्याकडे बघायचा तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, ते मला पाठ होतं.

सल्ला फुकट होता, बाकी सगळं विकत. शेजारचे काका म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी. मेहुणा म्हणाला, सेन्सर. कुठला, ते नाही, नुसतं "सेन्सर". पहिल्या गॅरेजने प्लग बदलले. दुसऱ्याने "कचरा आलाय" म्हणून फिल्टर बदलला आणि पेट्रोलचा पंपही. तिसऱ्याने स्कॅनर लावला, आणि गाडीने निर्लज्जपणे सांगितलं की मला काहीही झालेलं नाही. मग थ्रॉटल बॉडी उघडून धुतली, बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली. दोन दिवस गाडी सुतासारखी सरळ! मी पेढे आणले. तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर, गाडी गतिरोधकावर, मामा डिकीला. दोन पेढे त्यांना दिले. एव्हाना 11,000 रुपये गेले होते आणि काढलेल्या जुन्या पार्टांची एक पिशवी माझ्याकडे जमली होती.

ती पिशवी घेऊनच नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "सगळे चांगले आहेत की हो." मग विचारलं, "नुसता क्लच दाबल्यावर बंद पडते, का ब्रेक मारल्यावर?" चार महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ब्रेक मारल्यावर, मी म्हटलं. त्यांनी गाडी चालू ठेवली, इंजिन दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवलं आणि एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाईपवर क्लीनरचा फवारा मारला. इंजिनाचा आवाज बदलला. पुन्हा मारला, पुन्हा बदलला. त्या पाईपला पेटीच्या भात्यासारख्या घड्या असतात. खालच्या बाजूच्या घडीत, जिथे डोळा जात नाही, बोटाच्या दोन पेरांएवढी चीर. मिस्त्रींनी अंगठ्याने दाबली तशी ती माशाच्या कल्ल्यासारखी उघडली आणि मिटली.

"फाउंडेशन बसलंय, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती. ब्रेक मारला की इंजिन झुकतंय, पाईप ताणतोय, हे तोंड उघडतंय."

पण मग 80 ला काहीच का होत नव्हतं? मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, पाचशे पानांच्या पंगतीत चार आगंतुक बसले तर कुणाला कळतं? घरी दोघांचाच स्वयंपाक असेल आणि चौघं येऊन बसले, तर वरण पुरंल का?" इतकं नेमकं मला कुठल्याच इंजिनिअरने सांगितलं नव्हतं, आणि आमच्या घरात तीन इंजिनिअर आहेत. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. येणारी हवा सेन्सर मोजतो, तेवढ्याच हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं. चीर सेन्सरच्या पुढे असल्यामुळे आगंतुक हवा न मोजता आत शिरत होती. वेगात तिचा पत्ता लागत नाही. पाय काढला, पंगत दोन पानांवर आली, की इंजिन उपाशी. म्हणजे मेहुण्याचा सेन्सर बिचारा इमानाने काम करत होता. हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सेन्सरच्याच जवळ होतं ना? मग!"

पाईप 340 रुपये. फाउंडेशन आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत. जुना पाईप मिस्त्रींनी पिशवीत टाकून दिला.

घरी येताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला एसी लावून पूर्ण दीड मिनिट उभा राहिलो. पाय काढून. इंजिन आपलं मांजरासारखं गुरगुरतंय. मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत सिग्नल सुटलेला कळलाच नाही.

सोसायटीच्या गतिरोधकाशी वेग कमी केला. मामा सवयीने केबिनमधून निघाले, काठी काखेत घेतली, डिकीशी येऊन वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. गाडी सरळ चढून पलीकडे उतरली. आरशात बघितलं, तर मामा तसेच वाकलेले, हात पुढे, समोर काहीच नाही.