‘यातून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न आता बंद करा

महाविद्यालयात आत्मपर निबंध शिकवताना ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त संताप येतो, तिचा ऱ्हस्व-दीर्घाशी काहीही संबंध नाही. शुद्धलेखन सुधारता येते, विस्कटलेली वाक्ये बसवता येतात, आणि विद्यार्थी ते मनापासून करतातही. संताप येतो तो एका प्रश्नाचा. निबंध वर्गात वाचून पुरा व्हायच्या आतच कोणीतरी तो विचारते आणि बाकीचे पेन सरसावून उत्तराची वाट पाहू लागतात: ‘मॅडम, यातून लेखकाला काय संदेश द्यायचा आहे?’ लेखक दुसऱ्या पानावर आपले मत बदलतो, तिसऱ्या पानावर स्वतःशीच भांडतो आणि शेवटी कुठल्याच निष्कर्षाला न पोचता थांबतो, आणि ही सगळी धडपड एका ओळीत कोंबून ती ओळ वहीत उतरवली की निबंध वाचून झाला, अशी वर्गाची पक्की समजूत असते. ‘कोणत्या वाक्यापाशी तुम्ही थांबलात?’ असे मी उलट विचारले, की वर्ग गप्प होतो. थांबायचे असते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मुले आळशी झाली आहेत, मोबाइलमुळे वाया गेली आहेत, असे म्हणून हात झटकणारे सहकारी मला अजिबात मान्य नाहीत. ही मुले आळशी नाहीत. जे शिकवले ते त्यांनी चोख आत्मसात केले आहे. प्रत्येक धड्याखाली ‘या पाठातून कोणती शिकवण मिळते?’ हा प्रश्न त्यांनी सोडवला, दिलेल्या मुद्द्यांवरून निबंध लिहिले, आरंभी सुविचार आणि शेवटी बोध टाकला की गुण कापले जात नाहीत, हे अनुभवाने जाणले. इतकी वर्षे ज्या गोष्टीला शाबासकी मिळाली, ती महाविद्यालयाच्या एका सत्रात सोडून द्या म्हटल्यावर ती बावरणारच. माझा राग आहे तो ही शाबासकी देत राहिलेल्या आणि आजही देणाऱ्या प्रौढांवर.

सोळाव्या शतकातल्या माँतेन या फ्रेंच लेखकापासून या लेखनप्रकाराची सुरुवात मानली जाते आणि अभ्यासक्रमात त्याचे नाव असतेच. परीक्षेत त्याच्यावर टीप येते, विद्यार्थी १५८० हे साल पाठ करतात, पण त्या सालानंतर काय घडले, याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. १५८० साली पहिले दोन खंड प्रसिद्ध झाल्यावर १५८८ मध्ये त्याने तिसरा खंड तर जोडलाच, शिवाय जुन्या निबंधांत ठिकठिकाणी भर घातली, आणि त्या छापील आवृत्तीच्याही समासांत तो १५९२ मध्ये मरेपर्यंत हाताने नवी वाक्ये लिहीत राहिला. ती प्रत आजही बोर्दो शहरात जपून ठेवलेली आहे. छापून आलेल्या स्वतःच्या वाक्याकडे परत जायचे, त्याच्या शेजारी आज वेगळे काय वाटते ते लिहायचे, आणि जुनेही पुसायचे नाही, हा या प्रकाराचा गाभा आहे. आमच्याकडे मात्र मसुदा हा शब्दच विद्यार्थ्यांना शिक्षेसारखा वाटतो. ‘परत लिहून आणा’ म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘काय चुकले?’ काही चुकलेले नाही, तुम्ही अजून विचार करायला सुरुवातच केलेली नाही, हे त्यांना पटवून देण्यात माझे निम्मे सत्र जाते.

या माँतेनने स्वतःच्या मूतखड्याबद्दल, खाण्यापिण्याच्या आवडींबद्दल, आपल्या कमजोर स्मरणशक्तीबद्दल लिहिले. त्यातला मूतखड्याचा भाग वाचून दाखवला, की शेरा येतो: ‘रिलेट होत नाही.’ हे दोन शब्द ऐकले की माझा तोल जातो. विसाव्या वर्षी मूतखड्याचे दुखणे ओळखीचे वाटू नये, यात आश्चर्य काहीच नाही. पण जे आपले नाही ते दुसऱ्याच्या शरीरातून, दुसऱ्याच्या वयातून काही काळ अनुभवता यावे, म्हणूनच तर आपण वाचतो. जे आधीच ओळखीचे आहे तेवढेच वाचायचे ठरवले, तर पुस्तक उघडायचे तरी कशाला? आणि ज्यांना दुसऱ्याच्या लेखनातला तपशील दिसत नाही, त्यांना स्वतःच्या आयुष्यातला तपशीलही दिसत नाही. वाचनाचा आणि लेखनाचा असा थेट संबंध आहे. तरी वाचनाच्या तासिका कमी करा आणि ‘लेखनकौशल्ये’ वाढवा, असा आग्रह वरून चालूच असतो.

एक उदाहरण सांगते. एका विद्यार्थ्याने आजीच्या मृत्यूवर निबंध लिहिला. आजी मायेचा सागर होती, तिच्या सुरकुत्यांत अनुभवाचे भांडार होते, तिच्या जाण्याने घर पोरके झाले, आणि म्हणून ज्येष्ठांचा आदर करणे हे आपले कर्तव्य आहे. दोन पाने भरून एकही वाक्य असे नव्हते की जे दुसऱ्या कोणाच्या आजीबद्दल लिहिता आले नसते. निबंध परत देताना मी सहज विचारले, की ती गेल्यानंतर घरात काय झाले. तो म्हणाला, तिचे कानाचे यंत्र कोणीतरी बंद न करताच कपाटाच्या खणात ठेवले होते, आणि बॅटरी संपेपर्यंत ते मधूनमधून बारीक शिटी वाजवत राहिले; आवाज ऐकू यायचा, पण खण उघडून ते बंद करायला घरातले कोणीच जाईना. हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. मी विचारले, मग हे का नाही लिहिले? तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘मॅडम, ते निबंधात बसत नाही.’

ते निबंधात बसत नाही! अख्ख्या निबंधात लिहिण्यासारखी जी एकमेव गोष्ट होती, तीच त्याने बाहेर ठेवली, कारण सागर आणि भांडार हे ‘निबंधाचे’ शब्द आणि कानाचे यंत्र ही घरातली वस्तू, असे त्याच्या डोक्यात कोणीतरी घट्ट बसवून ठेवले आहे. मी त्याला पुन्हा लिहायला लावले. दुसऱ्या मसुद्यात यंत्र आले, शिटी आली, न उघडलेला खण आला, वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा तेच: ‘म्हणून आपण सर्वांनी ज्येष्ठांची काळजी घेतली पाहिजे.’ ती ओळ खोडायला त्याचा हात धजेना. ‘ही काढली तर परीक्षक म्हणतील निष्कर्ष नाही,’ असे तो म्हणाला, आणि सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट ही, की त्याचे म्हणणे खरे होते.

आता या जुन्या साच्याच्या जोडीला नवाही आला आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेशासाठी जो सामाईक अर्ज भरतात, त्यातील आत्मपर निबंधाला ६५० शब्दांची कमाल मर्यादा आहे, आणि त्या ६५० शब्दांभोवती नमुने, शिकवण्या आणि सल्लागार यांचा मोठा बाजार उभा राहिला आहे. तिकडे अर्ज न करणारी मुलेही ते नमुने वाचतात आणि आत्मपर निबंध म्हणजे आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख, त्यावर मात आणि शेवटी कणखर झालेले आपण, असा समज करून घेतात. मग एखादी मुलगी संकोचाने विचारते, की माझ्या आयुष्यात काही वाईट घडलेलेच नाही, तर मी काय लिहू? दुसरी एखादी, जी जखम अजून ओली आहे ती गुणांसाठी उघडी करते. ही दुसरी गोष्ट क्रूर आहे, आणि ती वर्गात घडू देणाऱ्या शिक्षकांना कोणी जाब विचारत नाही. बसची वाट पाहण्यावर निबंध होऊ शकतो, न केलेल्या फोनवर होऊ शकतो. दुःखाचे प्रदर्शन ही या प्रकाराची अट कधीच नव्हती.

निबंध लिहून देणाऱ्या यंत्राबद्दल थोडेच बोलते, कारण त्याच्यावर आधीच फार बोलले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पुढच्या काही महिन्यांत माझ्याकडे न पाहिलेल्या आज्या, न भिजलेले पाऊस आणि न झालेले पश्चात्ताप यांचे निबंध येऊ लागले. मला राग येतो, पण नवल वाटत नाही. ज्या निबंधात लिहिणाऱ्याचा स्वतःचा एकही तपशील नको, ठरावीक क्रमाने भावना हव्यात आणि शेवटी बोध हवा, तो निबंध लिहायला माणूस लागतोच कशाला? यंत्राने मुलांना बिघडवले असे ओरडणाऱ्यांनी आधी आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडून पाहाव्यात.

हे सगळे जिथे येऊन आदळते ते ठिकाण म्हणजे गुणदानाचा तक्ता. आमच्या तक्त्यात भाषेला गुण आहेत, मांडणीला आहेत, ‘विचार व संदेश’ अशी स्वतंत्र ओळ आहे. मसुद्याला, दुरुस्तीला, वाचनाच्या टिपणांना शून्य. १९७०च्या दशकात अमेरिकेतील डोनाल्ड मरी आणि पीटर एल्बो यांच्यासारख्या शिक्षकांनी, लेखन ही प्रक्रिया म्हणून शिकवा, शेवटचा कागद तेवढा तपासत बसू नका, असे कळकळीने सांगितले. त्याला अर्धे शतक लोटले, कार्यशाळांत त्याची भाषांतरित वाक्ये पडद्यावर दाखवली जातात, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच तक्ता पुन्हा छापला जातो. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचे तीन मसुदे कोण तपासणार, असे मला विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर वर्ग लहान करणे, तासिका वाढवणे आणि निबंधांची संख्या घटवणे हे आहे. सत्रात पाच निबंध लिहून घेऊन त्यांतला एकही धड न वाचण्यापेक्षा एकच निबंध चार वेळा लिहून घेतलेला मला चालेल.

पुढच्या सत्राचा तक्ता ठरवायला विभागाची बैठक होईल, तेव्हा मी हे सगळे पुन्हा मांडणार आहे आणि या वेळी गप्प बसणार नाही. ‘विचार व संदेश’ ही ओळ काढून टाका. तिचे गुण पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यांत जो फरक पडला त्याला द्या, आणि वाचलेल्या निबंधातले एक वाक्य निवडून त्याच्यापाशी आपण का थांबलो, हे जो विद्यार्थी अर्ध्या पानात सांगेल त्याला द्या. परीक्षकांना लेखी सूचना द्या, की निष्कर्ष नाही म्हणून कोणाचाही गुण कापायचा नाही. आणि प्रश्नपत्रिकेत ‘या निबंधातून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न पुन्हा आला, तर ती प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने माझ्या वर्गासमोर उभे राहून, कानाच्या यंत्राच्या त्या निबंधातून आपल्याला कोणता बोध मिळाला, ते सांगावे.