शंभर गुणांचा उतारा

क्रीडालेखकांची कसलीशी सूची निघतेय, तिच्यात नाव हवं असेल तर छापून आलेल्या लेखांच्या साक्षांकित झेरॉक्स जोडा, असा निरोप आला. सोबतच्या अर्जात ‘आपण कोणत्या खेळावर लिहिता?’ या प्रश्नापुढे तीन चौकोन. फुटबॉल, क्रिकेट, इतर. ‘इतर’पुढच्या रेघेवर ‘खोखो’ मावेल, ‘बास्केटबॉल’ मावत नाही. मी ‘बास्केट’ समासापर्यंत नेलं आणि ‘बॉल’ खालच्या ओळीत, ‘रक्तगट’च्या शेजारी, उतरवला. क्रीडालेखकाचा रक्तगट कशाला लागतो, ते त्यांनाच ठाऊक. आणि साक्षांकन तरी कशाला? गोव्यात बसून बास्केटबॉलवर मराठीत लिहिलेला लेख स्वतःच्या नावावर करून घ्यायला कोण टपलेलं असतं?

असो. तालुक्याच्या कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे गेलो. बाहेर पाऊस, आत दमट हवेने मऊ पडलेला कागद मशीनमध्ये अडकलेला आणि दुकानातला मुलगा कोपरापर्यंत हात घालून तो ओढतोय. माझ्या आधीच्या नंबरावर एक वयस्कर गृहस्थ होते. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरलेली. तिच्यात जमिनीच्या मालकाची आणि कुळाची नावं असणारे एक-चौदाचे उतारे, सर्व्हेचा नकाशा आणि वाळवीने कडा खाल्लेला पोर्तुगीज काळातला एक दस्तऐवज. तो दस्तऐवज ते मुलाच्या हातात द्यायला तयार नव्हते. “काचेर हांव दवरतलों,” काचेवर मीच ठेवणार, असं बजावून झालं होतं.

मशीन चालू होईपर्यंत करायचं काय? त्यांनी काउंटरवरचं माझं कात्रण पुढे ओढलं, चष्मा बदलला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. माझा लेख पहिल्या शब्दापासून वाचणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता. मी शर्टाची कॉलर नीट केली.

लेख विल्ट चेंबरलेनवर. २ मार्च १९६२ रोजी फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या या धिप्पाड गड्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तो विक्रम आजही मोडलेला नाही.

“एकट्यानं शंभर?” गृहस्थांनी मान वर केली.

“एकट्यानं.”

“जागा?”

“हर्शी म्हणून गाव आहे, पेनसिल्व्हेनियात. चॉकलेटच्या कारखान्याचं.”

“बासष्टचा मार्च.” त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. “पोर्तुगीज जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या सालचे आमच्या घराचे कागद मला मिळत नाहीत, बाब. तुम्हाला अमेरिकेतले मिळाले? फिल्म आहे?”

“फिल्म नाही. चित्रीकरण झालंच नाही.”

“फोटो?”

“आहे की! विल्टनं हातात कागद धरलाय, त्यावर १०० लिहिलंय.”

“कोणी लिहिलं?”

“संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्यानं.”

“हातानं?”

“हातानं.”

“शिक्का?”

शिक्का नव्हता. साठेक वर्षांत जगातल्या एकाही बास्केटबॉलप्रेमीने शिक्का मागितलेला नाही. मी घाईघाईने सांगितलं की चौथ्या क्वार्टरच्या रेडिओ समालोचनाची टेप सापडलेली आहे. “टेप चालत नाही,” ते म्हणाले. “आमच्या वकिलानं सांगितलंय.”

“अहो, ४,१२४ प्रेक्षक होते!”

“आणि मागाहून वाढले असतील.”

हे मात्र खरं होतं. त्या रात्री आपण तिथे होतो असं सांगणारे पुढे इतके निघाले की ते सगळे त्या इमारतीत मावले नसते. “आमच्यात पण तसंच,” ते समाधानाने म्हणाले. “कुळागराची किंमत वाढली तसे साक्षीदार वाढले.”

मग त्यांनी हिशोब घेतला. मैदानी बास्केट ३६, प्रत्येकाचे दोन गुण. फ्री थ्रो, एकेका गुणाचे, ३२ पैकी २८. “छत्तीस दुणे बहात्तर, आणि अठ्ठावीस. शंभर. एक इकडे नाही, एक तिकडे नाही.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच घाम फुटला. “इतका चोख हिशोब बनावट कागदातच असतो, बाब.”

एवढ्यात वीज गेली. आमच्याकडे वीज महत्त्वाच्या वेळीच जाते. १५ जून १९९८, सोमवारची सकाळ. तिकडे सॉल्ट लेक सिटीत एनबीएच्या अंतिम लढतीचा सहावा सामना, आणि इकडे मी पहाटेपासून टीव्हीसमोर. शिकागो बुल्सच्या जॉर्डनने युटा जॅझच्या मलोनच्या हातातला चेंडू मागून येऊन काढून घेतला, आणि आमच्या वाड्यावर काळोख. त्याने पुढे नेऊन टाकलेला तो फटका, ५.२ सेकंद राखून, ८७-८६, बुल्सचं सहावं विजेतेपद. सगळ्या जगाने पाहिलं आणि मी आमच्या मीटरबोर्डाकडे पाहत होतो. त्या फटक्यावर मी पुढे अनेकदा लिहिलं आहे. पण ते दुःख ‘इतर’मधलं, फुटबॉलच्या अंतिम सामन्यात वीज गेली असती तर गाव रस्त्यावर आला असता.

पेपरवाल्यांनाही मी सांगून थकलो. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला डॉ. जेम्स नेस्मिथने हा खेळ काढला तो मुळी फुटबॉल घेऊन, सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून. एका बाजूला नऊ-नऊ गडी आणि सामना सुटला १-०. गोव्यातल्या क्रीडापानाला आवडेल असा बास्केटबॉलचा एकमेव सामना तेव्हाच होऊन गेला. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, बास्केटबॉल आमच्या दारात आला, तेव्हा वाटलं, आता पानभर जागा मिळेल. मिळाली, निकालापुरती.

वीज आली. मुलाने मशीन उघडलं आणि पुन्हा आत हात घातला. गृहस्थ दुसऱ्या रकान्यावर पोचले होते.

“हे काय लिहिलंय? समोरचे लोक ह्याच्याकडे चेंडू येऊ नये म्हणून दुसऱ्यांनाच फाउल करत होते?”

“हो. फाउल झालेला दुसराच गडी फ्री थ्रो घेणार, म्हणजे विल्टला चेंडू नाही. मग वॉरियर्सही निक्सना फाउल करायला लागले, चेंडू लवकर परत मिळावा म्हणून.”

“म्हणजे दोन्ही पक्ष वेळ काढत होते. ओळखीचं आहे.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आणि ह्याचे स्वतःचे बाकीचे चौघे?”

“त्याला चेंडू पुरवत होते. गाय रॉजर्स म्हणून एक होता, त्याच्या एकट्याच्या २० पासवर बास्केट झाल्या.”

गृहस्थांनी पिशवी काउंटरवर ठेवली. इतका वेळ ती छातीवरून हलली नव्हती.

“त्याचं नाव कुठाय ह्यात?”

“लेखात होतं. जागा नव्हती म्हणून कापलं.”

“कापलं?”

“मी नाही कापलं! पेपरात कापलं.”

“माझा बाप,” ते म्हणाले, आणि आवाज एकदम चढला तसा मशीनमधला मुलगाही बाहेर आला, “माझा बाप कुळागरात पाणी लावून, पोफळीवर चढून म्हातारा झाला. उताऱ्यावर नाव भाटकाराचं, जमीनमालकाचं. कुळाचा रकाना कोरा! विचारलं तर म्हणाले, राहून गेलं. आणि तुमच्या रॉजर्सची वीस वेळची मेहनत, ती पण राहून गेली?”

मी काय बोलणार? तो परिच्छेद संपूर्ण लेखात मला सगळ्यात आवडलेला होता. तो कापून जी जागा झाली तिच्यात गादीची जाहिरात आली. डबल बेडवर एक उशी फुकट. आणि वर, विल्टच्या फोटोच्या जागी, व्हॉलीबॉलचा फोटो. हो, व्हॉलीबॉलचा. तोही आता त्यांना दिसला.

“जाळी मधोमध आहे. तुम्ही लिहिता, टोपली दहा फुटांवर.”

“फोटो चुकीचा लागलाय.”

“फोटो चुकीचा, शिक्का नाही, कुळाचं नाव गाळलेलं.” त्यांनी चष्मा काढून डबीत घातला. “आणि तरी सगळं जग मानतं?”

“मानतं. अधिकृत नोंद आहे.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, “ह्याची एक प्रत माझ्यासाठी काढ रे.”

मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी त्यांचे दोन रुपये देऊ केले. त्यांनी संकोच न करता देऊ दिले. मशीनने दमट कागद एकदाचा बाहेर फेकला. माझं नाव नेमकं वरच्या काळ्या पट्टीत गेलेलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी १०० या आकड्याखाली पेनाने रेघ मारली, समासात ‘पुरावा नसता मान्य’ असं लिहिलं आणि प्रत एक-चौदाच्या उताऱ्यामागे घालून पिशवीला रबर लावलं.

“वकिलाला दाखवतो,” ते म्हणाले. “अशी एक केस झालेली आहे म्हणून. काय म्हणतो ते तुम्हाला कळवीन. फोन नंबर द्या.”

मी दिला. संपादकांकडेही तो आहेच, पण तिथून फोन येतो तो फक्त शब्द कमी करा म्हणून.