पाळणाघराकडून उत्तर : बाळाच्या दूध पावडरीचा डबा नऊ दिवसांत का संपतो

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. शुक्रवारी तुम्ही लवकर न्यायला आलात आणि बाळाला रडताना बघावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आईच्या जिवाचं काय होतं ते मला सांगायला नको. पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय, त्यामुळं उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतंय. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या निम्म्या आया हे वाचणार आहेत आणि माझं घर याच कामावर चालतं.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. बाळ वीस मिनिटं रडत होतं आणि 'काकू बाटली पाण्यात बुडवून उभ्या होत्या'. उरलेलं अर्धं दूध मी बेसिनमध्ये ओतलं. आणि तिसरं वाक्य जसंच्या तसं देते : 'घरी तीन आठवडे जाणारा डबा इथं नऊ दिवसांत संपतो, पावडर कुठं जाते देव जाणे.'

पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला खटकल्या, ठीक आहे. तिसरी वाचून मात्र रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून आधी तिचंच बघू. त्यात देवाला मध्ये घ्यायचं कारण नाही, हिशेब तिसरीच्या पोराला जमेल इतका सोपा आहे.

तुमचा डबा 400 ग्रॅमचा. डब्यातला जो चमचा आहे, तो सपाट भरला तर साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर बसते. म्हणजे डब्यात साधारण 90 चमचे. 30 मिली पाण्याला एक चमचा, हे तुमच्याच डब्यावर छापलंय. तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवर तुमच्याच अक्षरात '180 मिली, दोन वेळा' लिहिलंय, ती चिठ्ठी अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. 180 ला सहा चमचे. 90 भागिले सहा, पंधरा बाटल्या. रोज दोन. सोमवारी डबा उघडला तर मधला रविवार सोडून पुढच्या मंगळवारी पहिल्याच बाटलीला तळ दिसतो. मोजा, नऊ दिवस होतात.

आता घरचे तीन आठवडे. तुम्हीच सांगितलंय की घरी बाळ अंगावर पितं आणि रात्री झोपताना तेवढी एक 120 ची बाटली घेतं. चार चमचे. 90 भागिले चार, बावीस दिवस. दोन्ही आकडे बरोबर आहेत ताई, तुमचाही आणि आमचाही. लिहिण्याआधी एकदा विचारलं असतं तर मी कागदावर मांडून दिलं असतं.

आणि पावडर घेऊन मी करू काय? सध्या डब्याचं दूध पिणारं दुसरं एकच बाळ आहे, तेही पाच महिन्यांचं. त्याचा डबा एक नंबरचा, म्हणजे जन्मापासूनचा, तुमचा सहा महिन्यांपुढचा, दोन नंबरचा. तुमचं त्याला चालत नाही. प्रत्येक डब्यावर बाळाचं नाव आणि उघडल्याची तारीख मार्करनं लिहिलेली असते. काचेच्या कपाटात, दारातून दिसेल असे ठेवलेत. झाकण घट्ट, चमचा कोरडा, फ्रिजमध्ये डबा कधीच नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जुलैत मीठसुद्धा पाणी सोडतं. मागं एका घरून आलेला उघडा डबा मी परत पाठवला होता. ओल्या चमच्यानं आत गोळे झाले होते, बोटानं दाबले तर फुटत नव्हते. तेव्हाही त्या बाईंना राग आला होता.

आता ओतून टाकण्याचं. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन पेला तोंडाला लावणारं आपलं गाव. इथं दूध बेसिनमध्ये ओतणं म्हणजे पाप, माझ्या सासूबाई अजून तोंड फिरवतात. पण बाळानं एकदा बाटली तोंडाला लावली की त्याची लाळ दुधात जाते, आणि कोमट गोड दुधात जंतू वाढायला वेळ लागत नाही. उष्टं दूध ठेवून, गरम करून पुन्हा द्यायचं नसतं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी नाही. तयार केलेली बाटली दोन तासांत संपली नाही तर टाकायची, हा नियम मी काढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये पावडरच्या दुधावर जी माहिती काढली, त्यात तो आहे. आमच्या बाळांचे डॉक्टरही तेच सांगतात.

याच कारणासाठी सकाळी तुम्ही घरून भरून दिलेली बाटली मी दिली नाही. साडेआठला केलेलं दूध पिशवीत राहून साडेअकराला द्यायचं म्हणजे तीन तास झाले. न उष्टावलेलं दूध लगेच गार करून पाच अंशांखाली ठेवलं तर चोवीस तास चालतं, पण आमचा फ्रिज दिवसभर उघडझाप होतो आणि पावसात लाईट कधी जाईल नेम नाही. त्या भरवशावर मी दुसऱ्याचं लेकरू ठेवत नाही. प्रवासात वगैरे लागलंच तर थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि वेगळ्या कोरड्या डबीत मोजलेली पावडर न्या, ऐन वेळी कालवा. हे तुम्हाला त्याच दिवशी दारात सांगितलं होतं, तुम्ही फोनवर होता.

राहिलं बाटली पाण्यात बुडवून उभं राहण्याचं. तुम्ही लिहिलंय की डब्यावर कोमट पाणी सांगितलंय आणि मी 'जाळून टाकणारं' वापरते. बऱ्याच डब्यांवर तसं छापलेलं असतं हे खरं. पण पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातलीसुद्धा नाही. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत तग धरून राहतो. क्वचितच बाधतो, पण बाधला तर तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. अमेरिकेत 2022 मध्ये त्याच्याच संशयावरून एका मोठ्या कंपनीला डबे बाजारातून परत घ्यावे लागले होते. म्हणून आरोग्य संघटनेच्या त्याच माहितीत पाणी 70 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका असं म्हटलंय. सोप्या भाषेत, पाण्याला खळखळून उकळी आणायची आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. उकळलेल्या बाटलीत आधी पाणी मोजायचं, मग पावडर, चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करून. नंतर बाटली गार पाण्यात धरायची, बुचापर्यंत पाणी चढू न देता. मनगटावर थेंब टाकून बघायचा, चटका बसला नाही की द्यायची. एवढ्या गरम पाण्यानं एखादं जीवनसत्त्व थोडं कमी होत असेल, ते मला चालतं. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांच्याकडून लिहून आणा, मी तसं करीन. तोंडी नको.

शुक्रवारी तुम्ही बघितलंत ते हे गार करणं. बाळ रोज साडेतीनला उठतं, त्या दिवशी तीनलाच उठलं. मी काय हातातली गरम बाटली तशीच तोंडात द्यायला हवी होती? वीस मिनिटं नव्हती ती, पण ते जाऊ दे, रडणाऱ्या लेकराचं एक मिनिटही मोठं असतं.

तुमच्या आजेसासूबाईंनी निरोप पाठवला होता की बाळ बाळसं धरत नाही, एक चमचा जास्त घाला. तो मी घातला नाही, घालणारही नाही. घट्ट दुधानं पोट कडक होतं, अंगातलं पाणी कमी पडतं. डबा लवकर संपवायचाच असता तर ही संधी मी सोडली असती का?

बोलायचं नव्हतं पण आता निघालंच आहे. आमची वेळ साडेसहापर्यंत. तावडे हॉटेलला ट्रॅफिक लागतं, शिरोलीहून यायला सात होतात हे आम्ही समजून घेतो. कधी जादा पैसे मागितले नाहीत. ते अभिप्रायात आलं नाही.

पुढं काय ते सांगते. आता आधी 120 चीच बाटली करू, पुरली नाही तर वरची ताजी, म्हणजे ओतणं कमी होईल. एक छोटी वही ठेवायचा विचार आहे, किती वाजता किती प्यायलं ते लिहायला. गार करायचंही लवकर सुरू करता येतंय का बघते. तुम्ही अभिप्राय बदला असं म्हणत नाही. तेवढं 'देव जाणे' काढता आलं तर बघा, चोर ठरून घेण्याची सवय नाही.

काही विचारायचं असेल तर दुपारी दीड ते अडीच फोन करा, तेव्हा पोरं झोपलेली असतात. आताचा डबा गुरुवारपर्यंत जाईल. नवा आणताना दोन नंबरचाच आहे ना ते बघून आणा, मागच्या वेळी घाईत एक नंबरचा आला होता आणि मला तुम्हाला कामावर फोन करावा लागला होता.