कर्बोदके बंद करून आतडे ‘स्वच्छ’ होत नाही

‘सगळी कर्बोदके आतड्यात सडतात, वाईट जिवाणू पोसतात; पूर्ण बंद करा’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कर्बोदके पचून बनलेले ग्लुकोज लहान आतड्यातच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. पोहोचतात ती मुख्यतः न पचणारी कर्बोदके, म्हणजे तंतुमय पदार्थ. तिथले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच. तंतुमय पदार्थ बंद केले की हे इंधन घटते, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे. लॅक्टेज (लॅक्टोज पचवणारे विकर, म्हणजे एन्झाइम) कमी असलेल्यांना दुधातल्या लॅक्टोज या साखरेने गॅस, जुलाब होतात, हे खरे. सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थही जास्त झाला तर पोट बिघडवतो. पण ज्या साखरेचा त्रास, तीच कमी करावी. शौचातून रक्त जात असेल तर मात्र घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांनाच दाखवा.